दुसऱ्या हाफमधले सर

हिरवं प्लास्टिक मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. क्लबने आता मैदानावर जे अंथरलंय, त्यावर ऊन पडलं की टायरच्या दुकानासारखा वास सुटतो आणि पाऊस पडला की कसलाच वास येत नाही. आणि हे हॅम्बर्ग आहे. इथं पाऊसच पडतो. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस या मैदानाला वासच नाही.

आमच्या वेळी इथं लाल चुरा होता. भाजलेल्या दगडविटांचा बारीक, करकरणारा चुरा. हॅम्बर्गचे लोक त्याला ग्रांड म्हणतात. तो ओला झाला की जीभ चावल्यावर तोंडात येते तशी लोखंडी चव हवेतच यायची. त्यावर पडलं की गुडघ्याची साल निघायची आणि सालीच्या जागी चुरा जाऊन बसायचा. माझ्या डाव्या गुडघ्यात त्यातले दोन कण अजून आहेत, कातडीखाली, निळसर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढून टाकू का. मी म्हटलं, हात लावायचा नाही.

गेल्या गुरुवारी दुपारी मी त्या मैदानाच्या कुंपणाशी उभी होते, एका पुस्तकाचं एक पान हातात घेऊन. पुस्तक अजून छापलेलं नव्हतं, शुक्रवारी सकाळी छापखान्यात जाणार होतं. क्लबचा इतिहास. इथं त्याला क्रोनिक म्हणतात आणि ज्या क्लबला क्रोनिक नाही तो जर्मनीत क्लबच नव्हे. त्यातलं मुलींच्या फुटबॉलचं पान आयलिनने मला आदल्या दिवशी पाठवलं होतं. आयलिन आमची गोलकीपर. आता बंदरात क्रेन चालवते, क्लबची मेंबर अजून आहे. पानाबरोबर तिचा एकच शब्द होता, "वाच."

वाचलं. पहिलंच वाक्य असं: 'आमच्या क्लबमध्ये मुलींचं फुटबॉल नव्या टर्फबरोबर आलं.'

खोटं. टर्फ यायच्या आधी चार वर्षं आम्ही इथं खेळत होतो. अकरा मुली आणि एक राखीव. दर रविवारी सकाळी, लीगच्या बाहेर, ज्या क्लबकडे मुलींची टीम असेल त्याला बोलावून.

पानाच्या खालच्या कोपऱ्यात एका कागदाचा फोटो होता. रेघांचा कागद, निळी शाई, माझं दहाव्या वर्षीचं अक्षर. आमच्या एका सामन्याची बातमी. तिच्याखाली क्लबने ओळ टाकली होती: 'आपल्या लहानग्यांची कल्पनाशक्ती.'

कल्पनाशक्ती. त्या सामन्यात आयलिनचं नाक फुटलं होतं.

माझं काम पत्रकं लिहिण्याचं आहे. घर खाली करा अशी नोटीस आली की लोक आमच्या भाडेकरू संघटनेकडे येतात आणि मी लिहायला बसते. छापलेलं खोटं मला एका नजरेत दिसतं आणि दिसल्यावर गप्प बसवत नाही. पण त्या दिवशी कुंपणाशी राग यायच्या आधी नाकात तो वास आला. जो तिथं नव्हता तो. ओल्या ग्रांडचा, क्लबच्या खिडकीतून येणाऱ्या तळलेल्या कांद्याचा, आणि साळोखे सरांच्या गुडघ्याला चोपडलेल्या बामचा.

साळोखे सर आमचे कोच. मूळ कोल्हापूरचे. तिथल्या एका कॉलेजात फुटबॉलची टीम नव्हती तेव्हा त्यांनी ती उभी केली. कोच म्हणजे काय हे कॉलेजलाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे 'शारीरिक शिक्षण, तात्पुरते' असं लिहिलेलं असायचं म्हणे. मग ते सुटलं आणि सर गावातल्याच एका दैनिकाच्या क्रीडा पानावर गेले. का सुटलं, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. उरलेली सगळी नोकरी त्यांनी इतरांच्या टीमच्या बातम्या लिहीत काढली. रिटायर झाले, काकू गेल्या, आणि त्यांच्या मुलीने, वैशालीताईने, त्यांना इथं आणलं. वैशालीताई सॉफ्टवेअरमध्ये, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारी. माझे बाबा फेरीबोटीने नदीपलीकडे विमानाच्या कारखान्यात जायचे. सर दुपारभर खिडकीत बसून त्याच बोटी मोजायचे. त्यांना जर्मनचे तीन शब्द येत होते. डांके म्हणजे धन्यवाद, बिटं म्हणजे प्लीज आणि आबझाइट्स, म्हणजे ऑफसाइड.

टीम सुरू कशी झाली ते मला नीट आठवत नाही. एक दिवस सर मैदानावर होते आणि आम्ही त्यांच्याभोवती होतो, एवढंच आठवतं. त्यांच्या बगलेत काळी छत्री होती आणि पावसातही ती मिटलेलीच होती, कारण छत्री त्यांना दाखवायला लागायची. छत्रीच्या टोकाने ते ग्रांडवर रेघ ओढायचे आणि म्हणायचे, "इथून तिथं. बॉल धावू दे. तू कशाला दमतीस?" हे मराठीत. टीममधल्या नेले आणि फ्रीडा या दोघींना मी जर्मनमध्ये सांगायला तोंड उघडेपर्यंत त्या इथून तिथं पळालेल्या असायच्या. बॉल अडकवून ठेवला की सर ओरडायचे, "दे की गं!" महिन्याभरात सगळ्या मुली एकमेकींवर ओरडायला लागल्या, दे की, दे की. समोरच्या टीमच्या ट्रेनरबाईंनी एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, हा कुठला डावपेच आहे. मी म्हटलं, गुप्त आहे.

हिवाळ्यात ग्रांड गोठायचा. बॉल त्यावर आपटला की रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा आवाज पार नदीपर्यंत जायचा. उन्हाळ्यात लाल धूळ उडायची आणि आम्ही लाल शिंकायचो. शरदात मॅपलची पानं ओली होऊन बुटांच्या खिळ्यांत अडकायची, अकरा मुली पानांचे बूट घालून खेळायच्या. आणि मोठं जहाज एल्ब नदीतून निघालं की त्याचा भोंगा व्हायचा. तो पोटात ऐकू यायचा. सरांचा नियम असा की भोंगा झाला की खेळ थांबवायचा, सगळ्यांनी नदीकडे तोंड करून पाणी प्यायचं. का, तर म्हणे, "कोण कुठनं आलंय, कुठं चाललंय. जरा मान द्यावा." पंचालाही हे मान्य करावं लागायचं. पंच म्हणजे बहुधा कुणाचा तरी मोठा भाऊ.

घरी आई दारातच उभी असायची. "तिथंच थांब. पाऊल आत टाकू नकोस. अहो, हिला उचलून बाथरूममध्ये न्या." बाथटबला कायमचा लाल पट्टा पडला होता. घर सोडताना मालकाचा माणूस तो पट्टा बघून म्हणाला, हा गंज आहे का? आई शुद्ध जर्मनमध्ये म्हणाली, "नाही, फुटबॉल आहे." आईचं ते एक वाक्य माझ्या सगळ्या पत्रकांहून बरं आहे.

आता सरांची ती गोष्ट, जी ऐकून लोक हसतात. मीही हसायचे. आता हसत नाही.

पहिल्या हाफमध्ये सर कोच असायचे. आमच्या बाजूच्या रेषेवर, छत्री हलवत, घसा बसेपर्यंत. शिट्टी झाली की डब्यातून संत्र्याच्या फोडी काढायचे, प्रत्येकीला एक फोड आणि एक वाक्य. मग कानावरची पेन्सिल हातात घ्यायचे, कोटाच्या खिशातून वही काढायचे आणि मैदानाला अख्खा वळसा घालून समोरच्या रेषेवर जाऊन उभे राहायचे. दुसऱ्या हाफमध्ये ते बातमीदार. बातमीदार ओरडत नाही. बातमीदार सांगत नाही, सुचवत नाही, भुवईसुद्धा हलवत नाही.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा आम्हाला वाटलं, रागावले. मी विचारलं तर म्हणाले, "टीमच्या बाजूला उभं राहून बातमी लिहिणाऱ्याला निम्मंच मैदान दिसतं गं पोरी."

"पण आम्ही हरत होतो."

"मग? हरताना दिसलं की सगळं, तिकडनं."

एका सामन्यात बॉल समोरच्या रेषेबाहेर गेला, थेट सरांच्या पायाशी. एक गोल मागे होतो, मिनिटं संपत आलेली. आम्ही सगळ्या ओरडलो, सर, बॉल. सरांनी एक पाय उचलला. बॉल त्यांच्या पायाखालून गडगडत झुडपात गेला. त्यांनी पाय खाली ठेवला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी काट्यांत शिरून बॉल काढला, हात ओरबाडून घेतले, आणि त्यांच्या अंगावर जर्मनमध्ये जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्या सामन्याच्या बातमीत पुढे वाक्य आलं: 'बॉल बाहेर गेला. तो आणायला वेळ लागला.'

बहुतेक सामने आम्ही दुसऱ्या हाफमध्ये हरलो. आणि जे जिंकलो, तेही दुसऱ्या हाफमध्येच. कारण तिथं सांगणारं कुणी नव्हतं. आयलिन ओरडायला शिकली, नेले बघायला शिकली, मी भांडायला शिकले. तेच आज पोटाला घालतंय.

सामना संपला की मी सरांच्या मागोमाग वरच्या मजल्यावर. वैशालीताईकडे रविवारी कांदा-लसूण मसाल्याची फोडणी पडायची. ती पडली की छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायचा आणि ताई खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालायची. त्या आवाजात सर मराठीत बातमी सांगायचे आणि मी जर्मनमध्ये लिहायचे. मग ते मला ती मराठीत परत वाचायला लावायचे, मध्ये काही सांडलं का बघायला. मी तेव्हा घरात जर्मनमध्येच उत्तरं द्यायचे. आईने मराठीत विचारलं, मी जर्मनमध्ये म्हटलं, संपलं. मराठीत वाक्य उभं करायला मी त्या टेबलावर शिकले.

नियम ठरलेले होते. हरलेल्याचं नाव आधी, कारण त्याला वाचायला जास्त धीर लागतो. पंचाबद्दल एक शब्द नाही. नशिबाबद्दल एक शब्द नाही. आणि विशेषण आलं की पेन्सिल आडवी.

"हे काय, 'शूर आयलिन'?"

"शूरच होती ती."

"तुला शूर कुठं दिसलं? नाकातनं रक्त दिसलं. ते लिही. शूर काय ते वाचणारा बघून घेईल."

मैदानावर पाय ठेवलेल्या प्रत्येकीचं नाव बातमीत यायलाच हवं, आणि न ठेवलेल्या, राखीव नेलेचंही. 'नेले बाहेर होती. तिने दोन्ही टीमच्या बाटल्या भरल्या.' नेलेच्या आईने त्या कागदासमोर उभं राहून मुलीचा फोटो काढला होता. एकाच माणसाचं नाव कधी आलं नाही. कोचचं. मी एकदा घुसवलं होतं, 'श्री. साळोखे यांच्या मार्गदर्शनाखाली.' त्यांनी खोडरबर मागितला नाही, ब्लेड मागितलं. ओळ कापून काढली आणि कागद मागून चिकटवला.

बातमी सोमवारी क्लबच्या दारातल्या काचेच्या पेटीत लागायची. वर पुरुषांच्या टीमचे निकाल, खाली आमची बातमी. पुढच्या सोमवारी ती निघायची आणि कुठं जायची ते आम्हाला कधी कळलं नाही. आता कळलं. क्लबच्या कपाटात, मुलांच्या चित्रांच्या फाइलमध्ये, इस्टरच्या सशांच्या मधोमध.

हे मला गुरुवारी हेर पेटरसननी दाखवलं. हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. हेर पेटरसन क्रोनिकचे संपादक, आयुष्यभर क्लबमध्ये, माणूस सज्जन. मला बसवलं, कॉफी दिली, फाइल समोर ठेवली.

"आल्झो," ते म्हणाले, "तर त्या वर्षांचा असा एकही कागद नाही ज्यावर मुलींच्या टीमचा ट्रेनर लिहिलाय. तारखा नाहीत, सही नाही. नुसती पहिली नावं आणि लहान मुलाचं अक्षर. ट्रेनरशिवाय टीम कशी असेल? आम्हाला वाटलं, मुलं खेळ खेळली असतील. वर्तमानपत्र-वर्तमानपत्र."

"ट्रेनर होता. साळोखे सर."

"कोण?"

"लांब कोट. काळी छत्री. कानावर पेन्सिल."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "आख, तो प्रेसवाला! जा, जा, हो, आठवतो की. नेहमी पलीकडच्या रेषेवर एकटा उभा. आम्ही त्याच्याशी कधी बोललो नाही हो. तेव्हाच्या अध्यक्षांनी सांगून ठेवलं होतं, काही बोललं तर छापून येईल."

"ते प्रेसचे नव्हते. म्हणजे होते, पण इथं कोच होते. पहिल्या हाफमध्ये अलीकडे उभे असायचे."

हेर पेटरसननी कप खाली ठेवला. खोटं बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. "पहिल्या हाफमध्ये," ते म्हणाले, "आम्ही आत कॉफी पीत असायचो."

घ्या. अर्धा सामना बघायचा आणि इतिहास पूर्ण लिहायचा. मी तिथं जे बोलले त्याने खिडकीची काच हलली असेल. त्यांनी ऐकून घेतलं, मग टेबलाच्या खणातून एक फॉर्म काढला. टीम, कालावधी, खेळाडूंची नावं, ट्रेनरचं नाव. "हा भरून द्या. ट्रेनरने स्वतः सांगायला हवं की तो ट्रेनर होता. लेखी द्या किंवा फोनवर सांगा. सहा वाजेपर्यंत पान थांबवतो. त्यानंतर माझ्या हातात नाही."

चार वाजले होते. मी सरांकडे जायला बस पकडली.

सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. गुडघे गेले, कान शाबूत. दार त्यांनीच उघडलं. "तू होय. ये. मागच्या पत्रकात तीन उद्गारचिन्हं होती."

"लोक चिडलेले होते, सर."

"लोक चिडलेत ते त्यांना ठाऊक हाय. तू माहिती दे."

पत्रक निघालं की मी एक प्रत त्यांना पोचवते, मराठीत वाचून दाखवते आणि ते पेन्सिलीने त्यातली विशेषणं खोडतात, हे चालूच आहे. मी क्रोनिकचं पान त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि भिंग दिलं. फोटोतल्या अक्षरांवर भिंग बराच वेळ फिरलं. खालची ओळ मी मराठीत सांगितली. मला वाटलं, आता हा माणूस चिडेल. सर हसले. खांदे हलेपर्यंत हसले.

"कल्पनाशक्ती. एवढी वर्षं बातम्या लिहिल्या, पण हा आरोप कुणी केला नव्हता."

"सर, सहा वाजेपर्यंत वेळ आहे. मी नावं भरलीयत. आयलिन, फ्रीडा, नेले, सगळ्या. फक्त ट्रेनर राहिलाय."

त्यांनी फॉर्म वाचला. बारा नावं एकेक करून, ओठ हलवत. नेलेच्या नावाशी थांबून मान डोलावली. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. "झालं की. पाठवून दे."

"तुमचं नाव?"

"कोचचं नाव बातमीत येत नाही."

"ही बातमी नाही, फॉर्म आहे."

"छापून येणार ना? मग बातमी."

"तुमचं नाव नसेल तर बाराच्या बाराही जातील. ते म्हणतायत ट्रेनर नाही म्हणजे टीम नाही."

"मग तुझं टाक. ओरडायचीस तूच जास्त."

मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले. मी त्यांच्याशी लहानपणी एकदाच भांडले होते, काट्यांत हात घातला तेव्हा. "सर, हा नियम कुणी केला? दैनिकाने?"

"मी."

"का?"

ते सांगणार नाहीत असं वाटलं. चारचा चहा राहिला होता, तो त्यांनी स्वतः उठून टाकला. दूध उतू जाईपर्यंत पाठ माझ्याकडेच होती. मग पाठमोरेच बोलायला लागले.

"दैनिकात लागलो त्याच आठवड्यात माझ्या कॉलेजची मॅच होती. मी उभी केलेली टीम, आणि बातमी लिहायला मलाच धाडलं. एक-शून्यनं जिंकलो. म्हणजे जिंकले. मी बातमी लिहिली. पहिल्याच ओळीत, 'माजी प्रशिक्षक साळोखे यांनी घडवलेल्या संघाने.' खाली माझंच नाव, बातमीदार म्हणून. दोनदा आलो मी एका बातमीत. सकाळी कॉलेजसमोरच्या चहाच्या गाड्यावर पोरं पेपर मोठ्यानं वाचत होती. मी कौतुकानं थांबलो मागं. एकेकाचं नाव आलं की तो शिट्टी मारायचा. गोलकीपर होता मारुती. बोट मोडलेलं, दुसऱ्या बोटाला पट्टीनं बांधून अख्खी मॅच उभा होता, दोन गोल अडवले. त्याचं नाव येईना. पोरं पुन्हा वाचायला लागली वरपासनं. मारुतीनं पेपर घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, जागा पुरली नसेल." चहा गाळून कप माझ्यापुढे ठेवला. "जागा होती गं. तीन शब्दांची. त्या तीन शब्दांत मी होतो."

अलार्म वाजत नव्हता, फोडणी नव्हती. मी चहाचा कप हातात घेतला.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण मी गप्प बसायला आले नव्हते. आणि ज्या माणसाने मला विशेषणं खोडायला शिकवली त्याच्यासमोर डोळे पुसत बसणं हा अपमान झाला असता. त्यांचाच.

"सर, मारुतीचं नाव का राहिलं?"

"सांगितलं की."

"नाही. लिहिणाऱ्याने गाळलं म्हणून राहिलं. बरोबर?"

"बरोबर."

"आता लिहिणारी मी आहे. तुम्ही नाही. पहिल्या हाफमध्ये मैदानावर तुम्ही होतात, हे मी पाहिलंय, तेरा जणांपैकी एक तुम्ही होतात. मी बाराच लिहिले तर ते तुमच्या नियमाने बरोबर होईल, पण माझ्या बातमीत एक माणूस गाळलेला राहील. मग मी रोज सकाळी कुठल्या चहाच्या गाड्यामागे उभी राहू?"

ते माझ्याकडे बघत राहिले. बातमीदारासारखे, भुवई न हलवता.

"आणि तुम्ही स्वतःला गाळलंत म्हणून नेलेच्या वाट्याला काय आलं? इस्टरच्या सशांमध्ये जागा. त्या बारा जणींना तुम्ही पेपरात आणलंत आणि तुमच्या त्या रिकाम्या जागेमुळे त्या पेपरातून गेल्या. हे मी पत्रकात लिहिलं असतं तर तुम्ही काय खोडलं असतं?"

"काही नाही," सर म्हणाले. "माहिती बरोबर हाय."

मी फॉर्मचा फोटो हेर पेटरसनना पाठवला, ट्रेनरचा रकाना रिकामाच ठेवून. तो मी भरणार नव्हते. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. साडेपाच वाजले होते. मी स्पीकरवर टाकला.

"बारा नावं पोचली. गेनाऊ, बरोबर, ही नेले, ती माझ्या भाचीच्या वर्गात होती. हे मला आठवायला हवं होतं. पण ट्रेनर नाही."

सरांनी हात पुढे केला आणि फोन स्वतःकडे ओढून घेतला. खुर्चीत ताठ झाले, गळ्याशी शर्टाचं बटण लावलं.

"गुटन टाग," ते म्हणाले. "ट्रेनर. मी."

"तुम्ही? छत्रीवाले?"

"जा," सर जर्मनमध्ये हो म्हणाले.

"माझ्याकडून चूक झाली, हेर..." ते थांबले. "नाव सांगा. मी लिहून घेतो."

"शामराव धोंडिराम साळोखे," सर म्हणाले. कोल्हापूरच्या रजिस्टरमध्ये हजेरी द्यावी तसं, सावकाश, एका दमात.

"तीन? माझ्याकडे दोनच रकाने आहेत. मधलं नाव कुणाचं?"

मी सरांना मराठीत विचारलं. सरांनी उत्तर मराठीतच दिलं, नजर टेबलावर. "वडलांचं."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. हेर पेटरसननी सवयीने पुढचा प्रश्न विचारला. "तेही खेळायचे?"

"त्याला सांग," सर म्हणाले, "आमचे वडील गूळबाजारात हमाल होते. रविवारीसुद्धा. मी खेळलो, शिकवलं, लिहिलं, पण ते कधी मॅच बघायला आले नाहीत. सुट्टीच नव्हती त्यांना. आता यायला हरकत नसावी."

मी सांगितलं. जसंच्या तसं. पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज, मग की-बोर्डवर एक टकटक.

"मधलं नाव. डी," हेर पेटरसन म्हणाले. "पुढे?"